कपडे कुठं वाळणार?

परवा रात्री साडेदहाला पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, अजून जागे?" म्हटलं, "हो, कपडे व्हायचेत." तो हसायला लागला. पोळ्या व्हायच्यात, भाजी व्हायचीय असं म्हणतात, तसं आमच्याकडे हल्ली कपडे 'व्हायचे' असतात. धुवून वाळवूनही देणारं मशीन ज्यांच्या घरी आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. संध्याकाळी पाचला लावलेलं मशीन रात्री अकराच्या सुमारास गाणं वाजवतं, आणि ते वाजल्या वाजल्या कपडे बाहेर काढून झटकले नाहीत तर सकाळी सगळ्यांचा बोळा झालेला असतो. म्हणून जागायचं. दहावीच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला जागलो होतो, त्यानंतर आत्ताच!

आधीच सांगतो, मी यंत्राची निंदा करायला बसलेलो नाही. आमच्या वयाचे लोक लिहायला बसले की 'आमच्या वेळी असं नव्हतं'वर गाडी जाते, ते टाळायचा प्रयत्न करतो. हे मशीन घरात आलं याचा मला आनंदच आहे. पण ते का यावं लागलं, याचा विचार करता करता मी बराच मागे गेलो, आणि तिथे स्वतःबद्दल दोन गोष्टी सापडल्या त्या काही फार अभिमानाच्या नाहीत. आज त्याच लिहाव्यात म्हणतो.

आम्ही मुलुंडला राहतो. १९७८ साली तिमजली इमारतीत आलो, तिला तीन फुटांची का होईना बाल्कनी होती. २०१९ च्या दिवाळीच्या आधी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आलो. घर छान आहे, उजेड आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. बाल्कनी मात्र नाही. पहिला पावसाळा २०२० चा, टाळेबंदीतला. कामाच्या मावशी बंद. सौ. कपडे धुवायची (मशीन होतं, पण साधं) आणि बेडरूमच्या छताला कप्पीवर टांगलेल्या दांड्यांवर घालायची. मी काय करत होतो? बातम्या बघत होतो. दुसऱ्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. मग वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा दांडीची दोरी हातात घेतली.

लग्नाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती. या चव्वेचाळीस वर्षांत मी रोज वाळलेले कपडे घातले, आणि ते कसे वाळतात हे मला ठाऊक नव्हतं. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण माझ्या पिढीतल्या पुरुषांनी खरं सांगायचं ठरवलं तर बहुतेकांचं उत्तर हेच येईल.

सौ. खुर्चीवर बसून सांगायची आणि मी करायचो. "अहो, आधी झटका. झटकल्याशिवाय घालू नका." "टॉवेल कडेला, मधे नको, मधे पातळ कपडे." "शर्ट हँगरला लावा, खांद्यावर चिमटा लावला तर टोक येतं." "दोन कपड्यांत चार बोटं तरी सोडा हो, त्यांनाही श्वास घेऊ दे." वर्गातल्या ढ मुलाला शिकवावं तशी शिकवत होती. पावसाळा म्हटल्यावर दांड्या सहा आणि कपडे दांड्यांच्या दुप्पट. पहिल्या दिवशी घातलेले कपडे दुसऱ्या दिवशी गारच असायचे, तिसऱ्या दिवशी त्यांना वास यायचा. मग ते पुन्हा धुवायचे. रात्री झोपताना डोक्यावर ओल्या चादरीची पालखी, कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके, आणि सौ.चा खोकला.

मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायचो. एका रात्री झोप येईना तेव्हा वर बघता बघता आर्द्रतेचा धडा आठवला. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३०.३७ ग्रॅम बाष्प धरू शकते. हा आकडा मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलाय की झोपेतही सांगेन. उठून कागद घेतला. आमची बेडरूम दहा बाय बारा, उंची नऊ फूट. म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. ती पूर्ण भिजली तरी तिच्यात बाष्प मावणार ९०० ग्रॅमच्या आसपास. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली तर त्यातले पावणेआठशे ग्रॅम आधीच भरलेले. जागा उरली ती सव्वाशे-दीडशे ग्रॅमची. चहाचा एक कप!

आणि दांडीवर काय होतं? पाच किलो कोरडे कपडे मशीनमध्ये चांगले पिळून निघाले तरी त्यांच्यात अडीच-तीन किलो पाणी उरतं. तेवढं पाणी आम्ही एका कपात ओतायला निघालो होतो. खोलीतली सगळी हवा वीसेक वेळा बदलली तर कुठे ते काम होणार, आणि आम्ही पावसाचे शिंतोडे येतात म्हणून खिडकी गच्च लावून बसलो होतो. तीस वर्षं 'सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय' हा प्रश्न मी दोन गुणांना विचारला. त्याचं उत्तर माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं, ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी चार बोटं उघडी ठेवली, समोरचं दार उघडं, पंखा दिवसभर. फरक पडला. पण जुलैमध्ये मुंबईत सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बाहेरची हवाच भिजलेली असेल तर ती आत घेऊन किती उपयोग होणार? सौ.चा खोकला काही जाईना. ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वासाचे विकार आणि दमा यांचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शिका काढून सांगितलेलं आहे. आमच्या डॉक्टरांनी तेच दोन वाक्यांत सांगितलं, "बेडरूममध्ये कपडे वाळवू नका. काय वाट्टेल ते करा."

मग २०२२ च्या मे महिन्यात मुलाने आणि सूनबाईने हे मशीन पाठवलं. दोन मशीनं ठेवायला जागा नाही, म्हणून एकातच दोन्ही.

आता या मशीनबद्दल. घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, दारावर दोन आकडे असतात. आमच्या मशीनवर धुलाई ८ किलो आणि सुकवणी ५ किलो असं आहे. मी सुरुवातीला मोठाच आकडा वाचला. आठ किलो कोंबले, बटन दाबलं, आणि रात्री बाहेर काय आलं तर गरम, दमट, इडलीच्या भांड्यातून काढल्यासारखा एक गोळा. कारण साधं आहे. वाळताना कपडे ड्रममध्ये मोकळे उलटेपालटे व्हायला लागतात, गरम हवा त्यांच्यातून फिरावी लागते. त्यामुळे धुवायची क्षमता जेवढी, तेवढी वाळवायची नसते. तीन किलो बाहेर काढायचेच. ते कुठं टाकायचे? दांडीवर! म्हणजे मशीन आलं म्हणून दांडी गेली असं होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. एके दिवशी मशीन वाळवण्याच्या कामात होतं आणि मागच्या पाइपातून पाणी वाहत होतं. मी घाबरलो. धुणं संपून दोन तास झाले, आता पाणी कसलं? मेकॅनिकला बोलावलं. मुलगा विशी-बाविशीचा होता. म्हणाला, "काका, बिघडलेलं नाही. हे असंच चालतं." त्याने समजावलं ते असं. काही ड्रायरना वाफ बाहेर सोडायला जाडा पाइप असतो. आमच्या मशीनला तो नाही. आतली गरम हवा कपड्यांतलं पाणी उचलते, मग त्या हवेला गार पाण्याने थंड करतात, वाफेचं परत पाणी होतं आणि त्या गार पाण्याबरोबर मोरीत जातं. हवा पुन्हा तापवून पुन्हा कपड्यांत.

मी त्या मुलाकडे बघतच राहिलो. बाष्पीभवन, सांद्रीभवन... सातवी-आठवीचा अख्खा धडा त्याने मोरीत उभं राहून पाच मिनिटांत शिकवला. मी विचारलं, "वाळवताना नळ बंद केला तर?" म्हणाला, "मग कपडे वाळणार नाहीत काका." कपडे कोरडे करायला पाणी लागतं हे मला या वयात समजलं. पाइप बादलीत सोडून मोजलं, तर चार किलो कपड्यांना अडीच बादल्या पाणी गेलं. ते आम्ही आता लादी पुसायला आणि संडासात वापरतो. उन्हाळ्यात पाणीकपात असली की वाळवणं बंद. (हीट पंपाची मशीनं आता मिळतात, त्यांना वीज कमी लागते, पण किंमत ऐकून सौ.ने विषय बदलला.)

तिसरी गोष्ट विजेची. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागतेच, त्यात कोणतीही कंपनी सूट देऊ शकत नाही. अडीच-तीन किलो पाण्याला पावणेदोन ते दोन युनिट हिशेबाने, आणि प्रत्यक्षात मशीन त्याहून बरंच जास्त घेतं. मी मीटर बघून ठेवला होता. धुण्यापासून वाळेपर्यंत, मधले फ्रिज-पंखे धरून, पाचाच्या वर युनिट गेले. तेच आमचा छताचा जुना पंखा दहा तास फिरला तर पाऊण युनिट. आणि पिळायला तर वीज फारच कमी लागते. थोडक्यात, पाणी वाफ करून घालवण्यापेक्षा पिळून घालवणं केव्हाही स्वस्त. आमच्या आईच्या मनगटाला हे भौतिकशास्त्र येत होतं.

चौथी गोष्ट साडीची. साडेपाच मीटरची सुती साडी त्या ड्रममध्ये गेली की बाकीच्या कपड्यांना विळखे घालून बसते. माझे दोन शर्ट तिच्यातून सोडवताना मला नारायणनागबळी आठवला :) साडी आत घालायची नाही. लोकरीचं घालायचं नाही. ज्याला नाडी किंवा इलॅस्टिक आहे त्याचं आयुष्य कमी होतं. आणि दाराच्या रबरात कापसाचे पुंजके साठतात ते प्रत्येक वेळी बोटाने काढायचे, नाहीतर पुढच्या खेपेला काळ्या पँटवर पांढरी रांगोळी.

तर चार पावसाळ्यांनंतर आमची रीत अशी ठरली आहे. चार किलोंच्या वर नाही. शेवटचं पिळणं सर्वांत जोराचं, आणि ते दोनदा. मग कपडे झटकून हॉलमधल्या स्टँडवर, खिडकी किलकिली, पंखा चालू, रात्रभर. सकाळी जे गार लागतील तेवढेच मशीनमध्ये अर्धा-पाऊण तास. टॉवेल आणि चादरी मात्र थेट मशीनमध्येच, त्या दिवशी जागायचं. डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे बेडरूमच्या दांड्या काढून टाकल्या. सौ.चा खोकला गेला. एवढ्या एका कारणासाठी मी त्या मशीनला रोज नमस्कार करायला तयार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

२०१४ साली आमच्या पुनर्विकासाची सभा होती. पडद्यावर नवीन घराचे नकाशे दाखवत होते. कोणी विचारलं, पार्किंग किती. कोणी विचारलं, कार्पेट किती वाढणार. मीही उभा राहिलो आणि लिफ्टबद्दल एक लांबलचक प्रश्न विचारला, मधे एक सुभाषितही टाकलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून सौ.चा आवाज आला, "कपडे कुठं वाळणार?"

सभा हसली. आर्किटेक्ट हसले. म्हणाले, "मॅडम, आता सगळे मशीन घेतात." पुढचा प्रश्न आला. आणि मी? मीही हसलो होतो. थोडा संकोचलोही होतो, की हिने एवढ्या लोकांत असला घरगुती प्रश्न काय विचारावा.

त्या संध्याकाळी विचारले गेलेले बाकीचे सगळे प्रश्न आज कोणाला आठवत नाहीत. तो एकच प्रश्न आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरात रोज सकाळी उभा राहतो.

बाल्कन्या का गेल्या, याचं कारण नंतर शोधलं. २०१२ साली मुंबईच्या विकास नियमावलीत बदल झाला. त्याआधी बाल्कनी, फ्लॉवर बेड असल्या जागा चटईक्षेत्राच्या हिशेबात धरत नसत. त्याचा गैरफायदा इतका घेतला गेला, की कागदावर फुलझाडं आणि प्रत्यक्षात खोली. तो बंद करायला या जागा हिशेबात धरायला सुरुवात झाली आणि बदल्यात जादा चटईक्षेत्र दिलं गेलं, ते कुठेही वापरा म्हणून. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण हिशेबात धरलेली जागा बाल्कनीत घालायची की हॉलमध्ये, असं विचारल्यावर सगळ्यांनी हॉल मोठा मागितला. यात आम्हीही होतो. हॉल पाहुण्यांना दिसतो, कपडे वाळायची जागा दिसत नाही. बिल्डरला एकट्याला दोष देऊन मोकळं होता येणार नाही.

जुन्या घरांत ही जागा धरलेली असायची. माझ्या लहानपणी वाड्यात माजघराच्या आढ्याला लांब वेळू टांगलेले असत. आजीचं सोवळ्याचं लुगडं काठीने उंच ढकलून वाळत घालायचं, कोणाचा हात लागू नये म्हणून. पावसाळ्यात घरात तान्हं मूल असलं की शेगडीवर वेताचं डालं पालथं घालून त्यावर लंगोट आणि दुपटी पसरायची, त्यांना धुरकट वास यायचा. गिरगाव-लालबागच्या चाळींत गॅलरीभर दोऱ्या होत्या. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर आजही दोन दोऱ्यांना पीळ देऊन त्या पिळात कपड्याचं टोक खोचतात, चिमटा लागत नाही. हे सगळं फार छान होतं असं माझं म्हणणं नाही. ते सोवळं कोणाला लांब ठेवण्यासाठी होतं हे आता कळतं, आणि शेगडीपाशी बसून डोळे चोळणारी माझी आई होती. पण घर बांधणाऱ्याला एवढं माहीत होतं की इथे राहणारी माणसं कपडे घालतात, ते धुतात, आणि धुतलेले वाळावे लागतात.

आता आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये सूचना लावली आहे, 'खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत. इमारतीची शोभा बिघडते.' एवढ्या उंचीवरून चादर उडून खाली स्कूटरवाल्याच्या तोंडावर पडू शकते, त्यामुळे बंदीला माझा विरोध नाही. 'शोभा' या शब्दाला आहे. धुतलेल्या कपड्याने शोभा कशी बिघडते? सिंगापूरइतकं टापटिपीचं शहर नाही म्हणतात, तिथल्या सरकारी वसाहतींत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू काढून लोक कपडे वाळवत आलेत, बांधतानाच बांबूची सोय केलेली असे. अमेरिकेत घरोघरी ड्रायर, आणि अनेक वसाहतींत दोरी बांधायला बंदी. पण तिथेही व्हरमाँट राज्याने २००९ साली कायदा करून अशा बंदीला आळा घातला, लोकांनी सूर्यावर कपडे वाळवले तर वीज वाचते म्हणून. ज्या देशाचं अनुकरण करून आपण दोऱ्या काढायला निघालो, तिथले काहीजण दोऱ्या बांधायचा हक्क मागतायत. आणि आपल्याकडे वर्षातले आठ महिने फुकट ऊन पडतं.

आता ती दुसरी गोष्ट. ही लिहावी की नाही यावर दोन दिवस घालवले.

१९८९ चा जुलै. आठवीचा वर्ग. पहिल्या तासाला मुली नाकाला रुमाल लावून कुजबुजत होत्या. एका मुलीच्या गणवेशाला कुबट वास येत होता. मी शिस्तीचा मास्तर म्हणून ओळखला जात असे. तिला उभं केलं आणि म्हणालो, "धुतलेला गणवेश घालून यायचं एवढंही कळत नाही? बाहेर उभी राहा." ती काही बोलली नाही. तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वास नव्हता, पण गणवेश ओला होता. बाकावर बसून उठली तेव्हा बाकावर ओला डाग होता. मी तो पाहिला आणि तास सुरू केला.

दुपारी स्टाफरूममध्ये एका बाईंनी मला सांगितलं, "सर, ती धुतलेलाच घालते. त्यांची दहा बाय दहाची खोली आहे, सहा माणसं. गणवेश एकच. वाळणार कुठे?" मी "अच्छा" म्हणालो. तिला जवळ बोलावून चार शब्द बोलायला हवे होते, ते बोललो नाही. मास्तरने विद्यार्थ्याची चूक झाली म्हणायची, स्वतःची नाही, असा तेव्हा माझा समज होता.

त्या वासाबद्दल पुढे वाचलं. २०१२ साली जपानी संशोधकांनी शोधून काढलं की घरात वाळवलेल्या कपड्यांच्या कुबट वासाला 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' नावाचा जीवाणू कारणीभूत असतो. धुतलेल्या कपड्यातही तो तग धरून राहतो आणि कपडा बराच वेळ ओला राहिला की वाढतो. म्हणजे तो वास घाणीचा नव्हताच. तो कमी जागेचा वास होता. आमच्या चादरीला जेव्हा तोच वास आला, दोनदा धुवूनही आला, तेव्हा मला ती मुलगी आठवली. आज ती पन्नाशीच्या आसपास असेल. तिला हे वाचायला मिळण्याची शक्यता नाही, तरी लिहितो. चूक माझी होती.

आता माझं म्हणणं काय ते सरळ मांडतो.

एक. नवीन घराचा नकाशा दाखवतील तेव्हा जो माणूस घरात कपडे वाळत घालतो त्याला पुढच्या रांगेत बसवा आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. फार नको, तीन बाय सहा फुटांची जागा, वारा येणारी, खाली पाण्याला वाट असलेली. हॉल तेवढा लहान झाला तरी पाहुणे येणं थांबवणार नाहीत.

दोन. ज्या इमारती होऊन गेल्या त्यांच्यात निदान गच्ची उघडा. आमच्या गच्चीला कुलूप आहे. सौर पॅनेल आणि टाक्या सोडूनही निम्मी गच्ची रिकामी आहे, वर ऊन असतं आणि खाली पाच युनिट जाळून आम्ही कपडे वाळवतो. लोखंडी खांब, दोऱ्या, कठड्याला जाळी आणि घरोघरी ठरलेले वार, एवढ्यावर भागेल.

तीन. मशीन ज्याला हवं त्याने जरूर घ्यावं. ज्यांचा हात वर जात नाही, घरात दम्याचं माणूस आहे, तान्हं मूल आहे, त्यांनी तर मागेपुढे पाहू नये. पण 'सगळे मशीन घेतात' हे उत्तर नव्हे. आमच्या कामाच्या मावशींच्या घरी ते ठेवायला जागा नाही आणि घ्यायला पैसे नाहीत, आणि पाऊस त्यांच्याकडे जास्तच पडतो. हल्ली पावसाळ्यात मावशींच्या मुलींचे गणवेश आमच्या मशीनमध्ये वाळतात. मावशी आधी तयार नव्हत्या. सौ. म्हणाली, "अर्धाच भरतो तो ड्रम, तुमचे दोन कपडे गेले तर काय मोठंसं." आता शनिवारी येतानाच पिशवी घेऊन येतात.

चार. हे माझ्या जुन्या व्यवसायबंधूंसाठी. जून ते सप्टेंबर गणवेशावरून कोणाला वर्गाबाहेर काढू नका. एका दिवसाआड साधे कपडे चालतील असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तर शाळेची शिस्त कोसळत नाही. वास आला तर खिडकी उघडा.

पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा आहे. गच्चीचा विषय मी लेखी दिला आहे. सेक्रेटरींनी कागद वाचून विचारलं, "सर, हे वहिनींचं काम दिसतंय?" म्हटलं, "प्रश्न तिचा आहे, दहा वर्षांहून जुना. काम आता माझं आहे." लोक हसतील याची कल्पना आहे. या वेळी सौ. पुढच्या रांगेत बसणार आहे आणि मी मागे. ती म्हणते, मी बोलणार नाही, तुम्हीच विचारा. तिचा खांदा आता बराच बरा आहे, पण दांडीची दोरी अजून माझ्याकडेच आहे.

सभेत काय झालं ते लिहीनच. तुमच्याकडे पावसाळ्यात कपडे कुठं वाळतात आणि कोण वाळत घालतं, तेही कळवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरुषांनी स्वतः लिहावं, ही विनंती.

असो. मशीन वाजतंय. टॉवेल झटकायला हवेत.